दादाला घातलेली शपथ

अमरावती, शके १७८५
कार्तिक शु. ११
दादानं दारू सोडल्याचा तिसरा दिवस. त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवून मीच शपथ घ्यायला लावली : प्यालास तर मी मरेन. वहिनी दचकली. मला मात्र अभिमान. घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली. वाटलं, अक्षरासारखा माणूसही गिरवून वळणावर आणता येतो.

कार्तिक शु. १३
दादाचे हात कापतात. तो कापसाचा दलाल. भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. आज त्याची बोटं थरथरली, भलताच भाव गेला. व्यापारी हसले, "दलाल, बोटं काहून नाचून राहिली?" घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड.

कार्तिक व. २
आज हात स्थिर. सौदा झाला. वहिनीनं गूळ वाटला. दादाच्या तोंडाला वेलदोड्याचा वास. कधी खात नसे. विचारायचं धैर्य...

कार्तिक व. ३
विचारलं. "नाई प्यालो." वर पाहिलं नाही. मग तीनदा दाराशी आला. "बरी हायस ना? अंग तर तापलं नाई?"
तेव्हा कळलं. पितो, आणि माझं मरण यायची वाट पाहतो. त्या भीतीनं पुन्हा पितो. मला साधा ताप आला तरी काय करील?

कार्तिक व. ५
खोकला झालाय. उशीत तोंड खुपसते. तरी त्यानं ऐकलं. उठून गेला, परतला तो अंगणातच पडला. वहिनीनं आत ओढला. म्हणाली, "बाई, तुमचा खोकला त्यायले दारू पाजून राहिला."

कार्तिक व. ६
सकाळी त्याच्यापुढे बसले. म्हटलं, "शपथ सुटली."
भडकला. "सोडू नको! तेवढंच धरून होतो."
"धरून पीतच होतास, दादा."
"मंग आता कोनासाठी सोडू?"
म्हटलं, "तूच सांग."
म्हणाला : "काल तुह्या वहिनीनं मले उचललं. रडली नाई. शिवी बी नाई. जसं धुणं उचलते. तिले सवय झाली. त्याचं भेव वाटलं मले."
शपथ पुन्हा घेतली नाही. मीही घातली नाही.

कार्तिक व. ७
दिवेलागण. दादा बाजारातून आला, ओसरीवर बसला. वास घ्यायला जवळ जायचं नाही, असं ठरवलंय. वहिनी पाणी घेऊन गेली. तिची पाठ माझ्याकडे. वळली की तिच्या तोंडावरून कळेल. अजून वळली नाही.