पावणेदोन गिरा

ब्राह्मणपारा, रायपूर
शुक्रवार, दुपार

प्रिय वनमाला,

हे ‘प्रिय’ पाहून हसू नको. फोनवर आपलं दोन वाक्यांच्या वर जमत नाही, तिसऱ्याले भांडण होते, म्हणून कागद घेतला. जावई परागराव समोर गादीवर बसून समोसा खाऊन राहिले. त्यांचा चहा होईपर्यंत लिहून काढतो.

आधी भांडणाचंच बोलतो. मी शिवलेली कुंची तू परत पाठवली! नातीले आजोळची कुंची द्यायची रीत, म्हणून मऊ लाल कापड निवडून, चष्मा लावून, तुझ्या मशीनवर स्वतः शिवली. इतक्या वर्षांत माझ्या दुकानातलं कापड तोकडं पडलं म्हणून कोणी परत आणलं नाही. पाठवलं ते माझ्याच बायकोनं! वरून परागरावांजवळ निरोप, की माप अंगावरून घेत असतात, फोनवरून नाही. काय बाई तोरा!

पण तुले माझी खोड माहीत आहे. सरकारी शिक्क्याचा मीटर दुकानात आहे, गिऱ्हाइकाले त्यानंच मोजून देतो. पण मले समजायचं असलं की बाबांचा लोखंडी गजच लागते. एक गज म्हणजे आपला वार, त्याचे सोळा गिरा, एक गिरा सव्वादोन इंचांचा. आपली लेक क्षमा बाळंत झाली तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, पोट्टी पन्नास सेंटीमीटर. मी तिथंच बोटांवर हिशेब करून ओरडलो, पावणेनऊ गिरा! नर्स हसून हसून बेजार. तेच माप डोक्यात पक्कं बसलं, आणि तीन महिन्यांनी त्याच मापानं कुंची कापली. कापडाचं थान मोजून फळीवर ठेवलं की तेवढंच राहते ना, मले तीच सवय. पोट्टी वाढते, हे ध्यानातच आलं नाही.

रीत अशी की लेक बाळंतपणाले माहेरी येते. पण आपला जिना अरुंद, दवाखाना तिकडे जवळ, म्हणून तूच नव्या रायपुरात तिच्या घरी गेली. मग दोघं मागं लागले, आईबाबा आता इथंच राहा. तू हो म्हणून मोकळी झाली. मी म्हणलो, पंचवीस किलोमीटर! ते रुंद रुंद रस्ते, माणूस दिसत नाही, बस आली तर आली. बाबांचा गज ब्राह्मणपाऱ्याबाहेर गेला नाही अन् जाणार नाही. तू म्हणाली, यायचं तर या, नाही तर बसा गज धरून. मी बसलो.

खरं सांगू? अंतराचं निमित्त होतं. इथं अख्खा मोहल्ला मले ‘गजवाले भैया’ म्हणते. तिथं फाटकावरचा चौकीदार रोज नाव विचारेल. त्याची धास्ती वाटत होती, अन् तुले सांगायची लाज.

आज कुंची मांडीवर घेऊन बसलो आणि उगाच ते अंतर कापडात मांडलं. पंचवीस किलोमीटर म्हणजे सत्तावीस हजारांवर वार. पदराले पदर जोडून नऊवारी अंथरली, तर तीन हजार लुगडी. अगं, एवढी लुगडी तर मी या गजानं कधीच मोजून विकली असतील! तुझ्या दारापर्यंत पुरेल एवढं कापड माझ्या हातून गेलं, अन् मी त्या रस्त्याले भिऊन राहिलो. एकटाच हसलो.

मग परागरावांले विचारलं, पोट्टी आता केवढी? म्हणे, परवा लस दिली तेव्हा साठ सेंटीमीटर भरली. म्हणजे साडेदहा गिरा. पावणेदोन गिरा वाढली, वनमाला, आणि त्यातलं बोटभरही मी पाहिलं नाही. तीन हजार लुगड्यांचं काही वाटलं नव्हतं, या पावणेदोन गिऱ्यांनी मात्र रडवलं. तेही जावयासमोर! मी समोशातल्या मिरचीवर ढकललं. समोसा त्यांच्या हातात होता, पण त्यांनी पाण्याचा गिलास माझ्यापुढं सरकवला, शहाणे आहेत.

म्हणून हे लिहून राहिलो. रविवारी येतो. शेजारच्या कुसुमले ब्लाउज शिवायले जागा पाहिजेच होती, तिले हो म्हणून दुकानाची किल्ली देऊन टाकली. कुंची तिथंच उसवतो, पोट्टीले मांडीवर घेऊन माप घेतो, दोन गिरा वाढीचे ठेवतो. तुझ्याशिवाय घर खायले उठते, हेही एकदा लिहून टाकतो, तोंडानं निघणार नाही. आणि परत कधी जाता, असं विचारू नको. तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून बाबांचा गज आत्ताच परागरावांच्या गाडीत ठेवला. त्याच्यासाठी भिंतीत एक खिळा ठोकून ठेव.

तुझाच,
दयाराम