कोटवाल्याची बाटली

३ फेब्रुवारी
फिरत्या दवाखान्याची नर्सबाई दुकानात आली. आइस्क्रीम नको, जागा हवी! समोर पुलाखाली तो बारा महिने जुना कोट घालणारा कोटवाला राहतो, त्याचं इन्सुलिन आमच्या फ्रिजमध्ये ठेवायचं. बाहेर उन्हानं खराब होतं म्हणे.
"खालच्या कप्प्यात हं, शेठ."
उभा जन्म बर्फात गेला आणि ही मला थंडी शिकवते! वर ठेवलं, बर्फाच्या कप्प्यात. जितकं गार तितकं टिकणार.
बायको म्हणाली, "उद्या त्याचं अंथरूणही टाका फ्रिजमध्ये." टाकीन की! हातगाडीवरून इथवर आलो, एक बाटली काय जड आहे?

५ फेब्रुवारी
येतो, बाटली मागतो, मागच्या मोरीत बराच वेळ ती मुठीत धरून बसतो, मग सुई टोचून घेतो, बाटली परत. शब्द म्हणून एकच — "उपकार, शेठ." गिऱ्हाइकं नाकं मुरडतात. मुरडू देत!

९ फेब्रुवारी
माझे कान तिखट. आज गल्ल्यावरून त्याचा श्वास ऐकू आला — बसलाय, पण धाप धावल्यासारखी. पाणी तर तांब्यावर तांब्या. मी झापलं, "चोरून गोड खाताय!"
"नाही, शेठ."
"मग औषध जातं कुठे?"
तांब्या ठेवून निघून गेला. लबाड!

११ फेब्रुवारी
दारातच कोसळला. रुग्णवाहिकेतला म्हणतो, "प्यालाय. उतरेल."
बायको त्याच्यावर धावलीच — "साखर आहे त्याला! आधी उचला, मग अक्कल पाजळा!"
नेलं. नर्सबाई आली, म्हणाली बाटली दाखवा. मी ऐटीत वरचा कप्पा उघडला.
तिनं बाटली उजेडात धरली — "गोठवलंत? अहो, गोठलं की त्यात दम राहत नाही. इतके दिवस तो नुसतं पाणी टोचून घेत होता."
आणि मी त्याला लबाड ठरवलं! बायकोनं टोमणासुद्धा मारला नाही. मारायला हवा होता.

१२ फेब्रुवारी
अजून शुद्ध नाही. दुकान उघडलं, पण लक्ष नाही. फोन वाजला की गल्ला उघडा टाकून उचलतो.

१४ फेब्रुवारी
डोळे उघडले! धावत गेलो. सगळं सांगून टाकलं — चूक माझी, शहाणपणा नडला.
म्हणाला, "ठाऊक होतं, शेठ. बाटलीत बर्फ दिसायचा."
"मग बोलला का नाहीत, भल्या माणसा?"
"आधीच्या दुकानात बोललो होतो. बाटली आणि मी — दोघंही बाहेर."