राखाडीत कुणाचा हात

३ जून

माझ्या राखाडीच्या बाटलीला कुणीतरी हात लावलाय!

आज बाटली हलवली, बशीत दोन थेंब काढले, बघतो तर मातकट. हा रंग मी स्वतः कालवलेला. काळा, पांढरा आणि नखभर निळा. दगडाचा थंडगार राखाडी. तो चहात बुडवल्यासारखा कसा झाला? आपोआप? छट्!

घरात आम्ही दोघंच. बायकोला रंगाच्या वासानं शिंका येतात, ती या खोलीत पाऊल टाकत नाही. उरलं कोण? साडू. क्लबात टेबलावर लुटुपुटीच्या लढाया खेळतात, त्यांच्यासाठी मी छोटे किल्ले करतो; तो दर रविवारी येतो, माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्याचे खंदक करतो. बाटल्या हाताशीच असतात त्याच्या.

नुसता संशय आहे. पण आहे.

५ जून

नवीन राखाडी कालवला. निळा जरा जास्त घालावा लागला. बहुतेक पांढऱ्यातच काहीतरी मिसळलंय. पण शेवटी जमला.

उत्तरेचा बुरूज घेतला. फोमवर दगडांच्या रेघा ओढून झाल्या होत्याच. चुरगळलेल्या चांदीच्या कागदाचा गोळा त्यावर लोळवला, की दगड कसा खडबडीत होतो! मग काळा हात. तो वाळल्यावर कोरडा ब्रश – रंगात बुडवायचा, फडक्याला जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला भिंतीवरून हलकेच फिरवायचा. दगडाचे उंचवटे तेवढे उजळतात, फटी काळ्याच राहतात. नुसता फोम होता, त्याची तटबंदी होते. इतकी वर्षं करतोय, तरी दर वेळी मजा वाटते.

८ जून

आज साडू आला. दाराची बेल वाजायच्या आधीच मी बाटलीच्या झाकणापासून काचेपर्यंत पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेवली. उघडली तर कळेल.

त्यानं बुरूज हातात घेतला. फिरवून फिरवून बघितला. मग म्हणतो, “साडूभाऊ, हा जरा निळा नाही का झाला?”

निळा! म्हटलं, “राव, उजेडात धरा.” खिडकीशी घेऊन गेला. परत आला आणि म्हणाला, “निळाच आहे हो.”

मी हसलो फक्त. पण पाणी कुठं मुरतंय ते कळलं. आधी बाटलीत भेसळ करायची आणि मग माझ्या मनात किंतू घालायचा. शिट्टीनं – आमच्या क्लबचा पंच, खेळात कुणी जरा इकडंतिकडं केलं की शिट्टी फुंकतो म्हणून हे नाव – मागच्या बैठकीत म्हटलंच होतं, “पुढच्या खेपेपासून मोठ्या टेबलाचा किल्ला आळीपाळीनं करायचा का?” तेव्हा साडू छताकडं बघत होता. साळसूद!

९ जून

पेन्सिलीची रेघ जशीच्या तशी आहे. म्हणजे उघडून परत बरोब्बर रेघेला रेघ जुळवून लावलं असणार. बेरकी माणूस.

१४ जून

कपाटातून जुना किल्ला काढला, नव्याशी ताडून बघायला. मागच्या मोठ्या खेळातला. लोक रांग लावून बघून गेले होते तेव्हा. अंगावर काटाच आला. सगळा पिवळा पडलाय! प्रत्येक दगड. कुणीतरी वरून पातळ पिवळ्या पाण्याचा हात फिरवलाय. इतक्या सफाईनं फिरवायला या गावात दोघांनाच येतं. एक मी.

संताप, संताप झाला नुसता.

बायकोला दाखवला. तिनं किल्ला बघितला, मग माझ्याकडं बघितलं. “मला त्यातलं काय कळतंय?” म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. नंतर तिच्या बहिणीशी, म्हणजे साडूच्या बायकोशी, फोनवर कुजबूज. मी पाणी प्यायला गेलो तर विषय एकदम भाजीवर!

मला फासे टाकता येत नाहीत. डावपेच कळत नाहीत. कुठल्या पलटणीनं कुठं सरकायचं हे अजून दुसऱ्याला विचारतो. त्या हॉलमध्ये मी किल्ल्याचा माणूस आहे, बस्स. किल्ला गेला तर मला तिथं कोण विचारणार? हे साडूला पुरतं ठाऊक आहे. त्याचंच वाईट वाटतं.

१५ जून

बोललो आज. तोंडावर बोललो.

“माझ्या रंगात भेसळ करणारा माणूस मला माझ्या टेबलावर नको.”

त्याला आधी कळलंच नाही. मग जुना किल्ला पुढं ठेवला. त्यानं तो खिडकीशी नेऊन बघितला. म्हणाला, “हा तर आहे तसाच आहे हो.” मी म्हटलं, “वा! म्हणजे मी खोटारडा?” आवाज चढला माझा. मेव्हणीसुद्धा आलेली होती, बाहेर दोघी बहिणी बसल्या होत्या, ऐकलं त्यांनी. ऐकू दे.

त्यानं ब्रश धुतले, खंदक खोक्यात भरले. दारात थांबून म्हणाला, “साडूभाऊ, एकदा डोळे दाखवून घ्या.”

डोळे दाखवून घ्या! दगडावरचं शेवाळ मी तीन केसांच्या ब्रशनं काढतो!

१६ जून

बायको बोलत नाही. जेवण ताटात येतं, शब्द येत नाहीत.

२१ जून

बाई बोलली शेवटी. म्हणे डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. कुणी कान भरले ते उघड आहे. वर घरातले दिवेही बदललेत – मंद आणि पिवळट. विचारलं तर म्हणते, “अहो, तेच आहेत.” रस्त्यावरच्या दिव्यांभोवतीसुद्धा हल्ली कडी दिसतात, तीही मीच लावली असतील!

म्हटलं, मोठा खेळ होऊन जाऊ दे, मग कुठं न्यायचं तिथं ने.

२८ जून

किल्ला पुरा झाला. तोफांच्या खिडक्यांभोवती काजळी, पन्हाळीखाली ओलीचे ओघळ, पायथ्याशी वाळू आणि चिकटवलेला भुसा. दगड राखाडी म्हणजे राखाडी. कुणाची बोट ठेवायची टाप नाही.

शेजारची खुर्ची रिकामी. मधेच “राव, हे बघा” म्हणून मान वळवली. सवय वाईट.

५ जुलै

मोठा खेळ झाला. बाहेरगावचे दोन क्लब आले होते. हॉल गच्च.

रात्रभर धाकधूक होती मला. भोवतालचे खंदक, तोफांचे मोर्चे, दगडधोंडे, पूल, रस्ता – सगळं साडूकडं. मनात म्हणत होतो, हा मुद्दाम सगळं तपकिरी करून आणणार, मधे माझा किल्ला परका दिसणार. भर हॉलमध्ये नाक कापायचं तर याहून सोपी वाट कुठली?

त्यानं खोकी उघडली. एकेक तुकडा मांडला. आणि मी बघतच राहिलो. सगळा माझाच राखाडी! तंतोतंत! खंदकाची माती, मोर्चे, पुलाचे दगड, रस्त्याकडचे खडेसुद्धा. किल्ला आणि जमीन एकाच खडकातून निघाल्यासारखी. जुने तुकडेही त्यानं पुन्हा रंगवलेत. तीन आठवडे दुसरं काही केलं नसणार.

म्हणजे माझी मात्राच चोरली की! निळा म्हणून नाक मुरडलं आणि गुपचूप तोच रंग उचलला. बाटली कशाला उघडत होता तेही आता कळलं.

बाहेरगावचा एकजण शिट्टीला विचारत होता, “चांदण्यातली लढाई आहे का?” शिट्टी चाचरला, माझ्याकडं बघायला लागला. तेवढ्यात साडू पलीकडून मोठ्यानं म्हणाला, “पहाटेची. उजाडायच्या आधीची. किल्लाच तसा मागितला होता आम्ही.” त्यावर तो माणूस, “वा, काय कल्पना आहे!” आणि मग सगळेच वा वा करायला लागले.

कसली पहाट? लढाई भर दुपारची ठरलेली, बैठकीत मी स्वतः हजर होतो. श्रेय घ्यायला मेला काहीही बोलतो. पण लोक मला येऊन हात मिळवत होते, म्हणून गप्प बसलो. शिट्टी म्हणाला, “पुढचाही किल्ला तुम्हीच करायचा.” साडूशी बोललो नाही. त्यानं लांबून फोटो काढले आणि बायकोच्या फोनवर पाठवले. पाठवू दे.

९ जुलै

डॉक्टर म्हणते, मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. “काका, जग पिवळ्या काचेतून बघत होतात तुम्ही. इतके दिवस काय करत होतात?” दुकान चालायला हवं ना त्यांचं! पण बायकोचा चेहरा बघून हो म्हटलं. आधी उजवा करणार.

१७ जुलै

पट्टी निघाली.

किल्ला निळा आहे. न्हाणीघराच्या फरशीसारखा निळा. उजवा डोळा झाकला की राखाडी, उघडला की निळा. दहा वेळा करून बघितलं. जुना किल्ला आहे तसाच आहे, छान राखाडी.

मग बायकोकडून फोन मागून घेतला आणि खेळाचे फोटो मोठे करून बघितले. खंदक निळे. मोर्चे निळे. पूल, रस्ता, एकेक खडा निळा.

साडूचे डोळे चांगले आहेत.