न चिकटलेली हळद

७ मार्च १९७७, मेडशी
आज शाळेत विज्ञान शिक्षक म्हणून रुजू झालो. नागपूरहून बाटल्यांचं खोकं एसटीत न फुटता आलं, हेच नवल. चंपाबाईंकडे खोली मिळाली. त्यांच्या मुलीचं, बेबीताईचं, पंचवीस तारखेला लग्न आहे. विधवा मावशी लिलाबाईंनी तिला लहानाची मोठी केली. त्यांचं वरण इतकं तिखट की मी घामाघूम झालो आणि दोघी बहिणी पदरात हसल्या.

११ मार्च
चंपाबाईंनी नाण्याएवढी सोन्याची पुतळी आणून दिली. "मास्तर, तुमी शिकेल मानूस. औषधानं चकाकून द्या, पोरीच्या गयात घालाची हाय." घासताना मोह झाला. नागपुरात अर्धवट सुटलेला माझा प्रयोग: सडक्या कांद्यासारखा वास येणारा गंधकाचा तो द्राव, ज्याचे रेणू सोन्यावर आपोआप रांगेत उभे राहतात, प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे. माझ्या पगारात सोनं कुठून आणणार? पुतळी द्रावात सोडली. त्यांना विचारलं नाही.

१३ मार्च
पुतळीवरून पाणी अळूच्या पानावरून जावं तसं घरंगळतं. एका रेणूइतका पातळ थर! मी खोलीत एकटाच नाचलो. मग आम्लाने थर काढला, तर सकाळी तो पुन्हा जमलेला. पुतळी धरलेल्या माझ्या बोटावरही पाणी ठरेना. चंपाबाई मागायला आल्या. मी स्वच्छ झाली म्हणालो आणि दिली.

२४ मार्च
हळद लागली नाही. लिलाबाई लांब उभ्या होत्या. आता आपल्यात तसलं पाळत नाहीत, असं म्हणत बेबीताईनेच हट्टाने त्यांना पुढे ओढलं. हळद आधी गळ्यावरून निसटली, मग खांद्यांवरून. कुणीतरी म्हणालं, इधवेचा हात लागला, दुसरं काय. मला लगेच समजलं होतं. पुतळी तिच्या गळ्यात होती. चोराच्या मनात चांदणं. हातातलं ताट खाली ठेवून मी खोलीत आलो.

२६ मार्च
लग्न थांबलं. पुतळी काढली, पण थर तिच्या अंगावर पसरतोच आहे. बेबीताई पाणी मागते आणि ते जिभेवर थांबत नाही, ओठांतून तसंच बाहेर येतं. जवळच्या मालेगावच्या डॉक्टरांची सुई कातडीवरून घसरली. लिलाबाईंना घराबाहेर काढलंय. गोठ्यापाशी बसून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, माह्या हातात काय हाय वो?" मी पाहिलं. हळद होती. त्यांच्या हातांना ती घट्ट चिकटून होती. मला लाज वाटली, आणि तरी मी काही बोललो नाही.

२८ मार्च
बेबीताईचे ओठ फुटलेत. तहान— मलाही. उद्या लिलाबाईंना एसटीत बसवून गावाबाहेर घालवणार. सकाळी सांगतो. नक्की.

२९ मार्च
गेलो. तोंड उघडलं. जीभ टाळूला टेकेना, शब्द निसटले— चंपाबाई रडत म्हणाल्या, तुमीबी आमच्यापायी आजारी पडले.
लिहून देतो. एसटीला अजून वेळ आहे—
कागदाला हात टेकला की तिथे शाई थांबत नाही. थेंब होतात, कडेला घरंगळतात—
हात उचलून—
चंपाबाई, लिलाबाईंचा दोष नाही. बेबीताईला ज्याने हे केलं तो—
पुन्हा. पुतळीला द्राव लावणारा मा