माळावर बिनकामाची

मंगळवार, संध्याकाळ

पुतण्याची जर्मन बायको आजही एकटीच आमच्या माळावर गेली. हातात विळा नाही, पुढं मेंढरं नाहीत. कामाशिवाय माळावर जातं कोण? मागं एक जण असाच नुसता हिंडून गेला आणि पाठोपाठ पवनचक्कीवाले जमीन मागायला आले. पुतण्या म्हणतो, "आवं तात्या, तिकडं लोक असंच फिरत्यात. बरं वाटतं त्यास्नी." नुसतं बरं वाटायला? मला नाही पटत.

आज मागोमाग गेलोच. वाटलं, फोटो काढेल, पावलं टाकून जमीन मोजेल. ती बाभळीखाली बसली, ती बसूनच राहिली. मला बघून हसली, सरकून जागा केली. मीही टेकलो. सारं लहानपण इथं मेंढरांमागं गेलं, पण मेंढरं नसताना कधी बसलो नव्हतो. वारा छान होता. उठवेना.

उतरताना शेजारचा बाळू भेटला. आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मेंढरं न्हाईत, काय न्हाई. तात्या, माळ इकताय व्हय?"

बरं वाटत होतं म्हणून बसलो, असं कसं सांगू? म्हणालो, "बाभळीच्या शेंगा बघाय गेलतो."

त्याला काही पटलं नाही. मलाही पटलं नसतं.