पास झालेली भिंत

४ ऑगस्ट
बेडरूमच्या कपाटामागे बुरशी आली आहे, असं बायकोचं म्हणणं. सकाळी खोकत खोकत सांगितलं. ब्रेडच्या कारखान्यात बावीस वर्षं मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. बुरशी म्हणजे काय, हे मला घरात कोणी शिकवायची गरज नाही. तरी रविवारी रीतसर तपासणी करायचं कबूल केलं.

१० ऑगस्ट, रविवार, सकाळी १०
तपासणी. कारखान्यात आम्ही हजार पावांतले वीस उघडून बघतो, सगळे नाही. भिंतीलाही तोच न्याय. कपाट सरकवून खडूने शंभर चौकोन आखले, चिठ्ठ्या टाकून आठ निवडले. आठही स्वच्छ. भिंत पास.

बायकोने काळ्या ठिपक्यांकडे बोट दाखवलं. तो चौकोन क्रमांक त्र्याहत्तर. चिठ्ठीत निघालेला नाही. तिला सँपलिंग समजावलं. ती म्हणाली, खराब पाव फेकून देता येतो, मी रोज याच भिंतीला डोकं लावून झोपते. मुद्दा भावनिक होता. नोंद घेतली नाही.

१४ ऑगस्ट
तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खोकला, सकाळी चोंदलेलं नाक, लाल डोळे, छातीत शिट्टी. बाईंनी विचारलं, घरात कुठे ओल आहे का. बायको तोंड उघडणार तेवढ्यात मी नाही म्हटलं. तपासणी झालेली आहे. सिरप मिळालं. घरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. घशाला आराम पडला असणार.

१७ ऑगस्ट
केवळ घरातल्या शांततेसाठी भिंतीला पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. बाहेरची ओल येऊ नये म्हणून खिडक्या बंद. खोकला कोरडा आहे, म्हणून खोलीत वाफेचं मशीन आणून ठेवलं. कोरड्यावर ओलावा, साधं शास्त्र. तासाभरात आरशात तोंड दिसेनासं झालं. मशीन उत्तम आहे.

२५ ऑगस्ट
ठिपके रंगातून वर आले. रंगाच्या दुकानात जाऊन भांडलो. दुकानदार म्हणाला, आधी पाणी कुठून झिरपतंय ते शोधा, बुरशी काढा, भिंत वाळवा, मग रंग. हल्ली कोणीही अक्कल शिकवतं. माझ्या कपड्यांचं कपाट भिंतीला आणखी चिकटवलं. आता ठिपके दिसत नाहीत.

३१ ऑगस्ट
बायको पाच दिवस मोठ्या बहिणीकडे आहे. फोनवर सांगते, दुसऱ्या दिवसापासून खोकला थांबला. कारण उघड आहे. तिथे तिला कोणी कामाला हात लावू देत नाही.

२ सप्टेंबर
परत आली. संध्याकाळी सातला खोकला सुरू. खोकल्याचं कारण नवराच आहे की काय, असं तिच्या बहिणीने विचारलं म्हणे. दुसऱ्यांदा जिना चढताना बायको मध्येच पायरीवर बसली. मला भीती वाटली. भीती दाखवणं बरं नव्हे म्हणून तिच्या वजनाचा विषय काढला. नको होता काढायला.

५ सप्टेंबर
ती डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेली, मोबाईलमध्ये कपाटामागचे फोटो घेऊन. नळीत फुंकायला लावलं. दम्याची सुरुवात आहे म्हणाल्या. पंप दिला आणि त्या खोलीत झोपायला सक्त मनाई केली. बायकोने बॅग भरली. जाताना म्हणाली, तुम्ही ओल नाही म्हणालात तेव्हा मी तुमच्या शेजारीच बसले होते आणि माझी छाती वाजत होती. मी बॅग खाली नेऊन रिक्षात ठेवली. 

९ सप्टेंबर
कारखान्यात अचानक स्वच्छता तपासणी. प्रत्येकाच्या बाहीवर कापसाचा बोळा फिरवून तो काचेच्या बशीत टेकवायचा आणि काय उगवतं ते बघायचं. नव्या पोरांना धडा मिळावा म्हणून मी पहिला नंबर लावला. शिवाय दहा मिनिटं स्वच्छतेवर बोललो. टाळ्या पडल्या.

१३ सप्टेंबर
निकाल लागला. बत्तीस बश्यांपैकी एकीतच काळं-हिरवं रान माजलंय. माझ्या. एका बशीवरून निष्कर्ष काढणं घाईचं आहे, असं मी लॅबवाल्या बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, साहेब, चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, सगळ्यांच्या तपासल्यात. पॅकिंगच्या हॉलमध्ये मला प्रवेश बंद. उद्यापासून गेटजवळच्या केबिनमध्ये बसायचं. जबाबदारीची जागा आहे, असं मॅनेजर म्हणाले. म्हणताना ते दोन पावलं लांब उभे होते.

१४ सप्टेंबर, रविवार
बायकोला फोन केला. बहिणीच्या कुठल्याशा बोलण्यावर खळखळून हसत होती. मध्ये एकदाही खोकली नाही. इतकं सलग हसणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं, आणि तितकंच वाईट वाटलं. तिला बशीचं सांगितलं आणि म्हटलं, आज मी तिकडे येऊ का. ती या म्हणाली, पण आत येऊ नका, फाटकापाशीच उभे राहा, मीच बाहेर येऊन लांबून बोलते.