परतीचा पिवळा

३ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. म्हणजे मायना लिहून कागद महिनाभर पडून होता, तारीख आज घातली. खिडकीशी खारीनं घरटं करायला घेतलं, ते बघत बसले. घरटं झालं, पिल्लंही झाली, पत्र तसंच.

मला काम लागलंय. इथल्या लोकांनी मिळून वस्तीबाहेरचं रान विकत घेतलंय, तिथे कुणी इमारती बांधू नयेत म्हणून. आत फिरायला पायवाटा काढल्यात. लोकांनी वाट चुकू नये म्हणून झाडांवर तळहाताएवढा पिवळा पट्टा मारायचा, हे माझं काम. फाटकापासून तळ्यापर्यंतची मोठी वाट माझ्याकडे. तळ्याकाठी पत्र्याची खोली आहे, तिथेच राहते. समितीच्या अध्यक्षीणबाई दातांच्या डॉक्टर आहेत. माझे दात बघूनच ठेवून घेतलं असावं, कारण दुसरं काही विचारलं नाही.

वाट जरा वाकडी झालीय. मध्ये सुतारपक्षी दिसला. त्याच्यामागे गेले, आणि हातात डबा होताच.

तक्रार एकच. माणसं तळ्यापर्यंत नीट येतात, पण परत जाता येत नाही म्हणतात. खुणाच नाहीत म्हणे. अगं, मी स्वतः मारल्यात. काल एक जोडपं संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीत बसून होतं, शेवटी मी त्यांना पलीकडच्या डांबरी रस्त्यानं पोचवलं. मीही तिथूनच जाते. आल्या वाटेनं परत जायचा मला कंटाळा, तुला ठाऊक आहे.

बाबा अजून माझ्याशी बोलायचं नाही म्हणतात का? दोन वर्षं झाली. मी विचारलं हे त्यांना सांगू नकोस. चुकून कळलं तर कळू दे.

माझ्या उशिराकडे न बघता लोभ आहे तसाच ठेव.

तुझी
भिंगरी

११ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी ते स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. मला चष्मा लागलाय, मोठ्यानं वाचलं की नीट दिसतं. बाबा बाहेर पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटलं नाही.

माझं वाचून झाल्यावर ते पेपराला म्हणाले की परतताना माणसाला झाडाची पाठ दिसते, आणि या मुलीनं आयुष्यात कशाची पाठ रंगवलेली नाही. मग गाडी न्हाव्याच्या पाटीवर घसरली. तू एक बाजू रंगवून निघून गेलीस ती पाटी अजून तशीच लटकतेय. चौकाकडून येणाऱ्याला सलून दिसतं, बाजाराकडून येणाऱ्याला पांढरा पत्रा. तुझ्या दादानं दुसरी बाजू करतो म्हटलं, तर बाबांनी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. जिनं सुरू केली तिनंच संपवायची म्हणे. न्हावी बिचारा अर्ध्या गिऱ्हाइकांवर भागवतोय.

आता यात राग किती आणि वाट बघणं किती, ते तूच बघ. तू आपणहून आल्याशिवाय बोलणार नाही हे त्यांनी जाहीर केलंय, आणि त्यांचा गुडघासुद्धा हल्ली वाकत नाही, बाकीचं सोडच. तेव्हा तूच ये.

आपल्या पाट्यांच्या दुकानातला पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणि एक ब्रश सापडत नाही. तुझा दादा माझ्याकडे बघतो. मी काय पिवळी भाजी करणार आहे? बाबा उद्या डोळे तपासायला दूरच्या दवाखान्यात जातायत, एक रात्र राहावं लागेल म्हणाले. जेवणाचा डबा नको म्हणाले, पिशवी मात्र जड दिसते. पोस्ट वाटेतच आहे, म्हणून हे पत्र त्यांच्याकडेच देते.

खात जा, आणि लिहायला खारीची परवानगी लागत नाही हे लक्षात ठेव.

तुझी
वहिनी

१३ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तर नाही, म्हणजे तूही रागावलीस. घरात आता बोलणारं कोण उरलं? दादा तर फोनवरसुद्धा मान हलवतो.

इथे अध्यक्षीणबाईंचे सासरे माझ्या वाटेवर हरवले. सापडले, पण अंगात माझा स्वेटर घालून. बाई म्हणाल्या, रविवारी वाट सगळ्यांसाठी उघडायचीय, तोवर माणसं आपापली परत येईनात तर पट्टे खरवडून काम दुसऱ्याला. हे सगळं त्या तोंडावरचा मास्क न काढता म्हणाल्या, त्यामुळे किती रागावल्या ते कळलं नाही.

मला हे काम जायला नकोय गं. एक तरी गोष्ट पुरी करायची आणि मग बाबांना स्वतः पत्र घालायचं, असं ठरवलं होतं. खुणा दिसत का नाहीत, हे मात्र काही केल्या सुचत नाही. सकाळी बघायलाच निघाले होते, पण तळ्यावर बगळा

मध्येच उठावं लागलं. बाबा आलेत.

एक पाय ओढत आले. हातात पिवळा डबा, मनगटापर्यंत पिवळे झालेले हात. खिशात तुझं पत्र, तिकीट न लावलेलं. पायरीवर बसले, पाणी प्यायले, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. माझ्याकडे बघितलं नाही.

तुझं पत्र वाचून मी बाहेर गेले. पहिल्या झाडाच्या पाठीवर पट्टा. त्याच्या मागच्यावरही. सुतारपक्ष्याच्या वळणापर्यंत गेले, तिथेही एक झाड सोडलेलं नाही. फाटकापासून रंगवत आलेत. माझ्या पट्ट्यांच्या कडा जरा वाहिल्यात, त्यांच्या नाहीत.

परत आले तेव्हा ब्रश पुसता पुसता म्हणाले, "रंग ओला आहे. सकाळपर्यंत झाडांना टेकू नकोस."

मी बरं म्हटलं.

दादाला सांग, न्हाव्याची पाटी खाली उतरवून ठेव. रविवारी वाट उघडली की आम्ही दोघं निघतो, आल्या वाटेनं. लोभ तोवर पुरवून ठेव.

तुझी
भिंगरी